सालंकृत जागा भाड्याने देणे आहे

आमची आत्या मराठीची निवृत्त शिक्षिका. दहावीच्या कित्येक तुकड्यांकडून तिने अलंकार घोकून घेतले आणि पेपर संपताच त्या तुकड्या ते इमानेइतबारे विसरल्या. परवा तिची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, जुहूतच भाड्याची जागा शोधायची ठरली आणि एजंट अवतरले. इतका हुशार विद्यार्थी तिला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

"हॉल बघा मॅडम, मैदानासारखा ऐसपैस!"

आत्याचे डोळे चमकले. उपमेय हॉल, उपमान मैदान, साधारण धर्म ऐसपैसपणा, साम्यवाचक शब्द 'सारखा'. चौघेही हजर, म्हणजे पूर्णोपमा. आम्ही तिघे आत शिरल्यावर दार लागेना, पण काव्यशास्त्र त्याचे मार्क कापत नाही.

बाल्कनी "जणू जहाजाचा डेकच!" ही उत्प्रेक्षा. "आपला वॉचमन वाघ आहे, वाघ!" हे रूपक. वाघ खाली प्लास्टिकच्या खुर्चीत घोरत होता. एवढ्यात आत्याची नजर बेडरूमच्या भिंतीवर गेली. छताच्या कोपऱ्यातून निघालेला, कडेने पिवळा पडलेला ओलीचा डाग थेट पंख्याच्या बटणापर्यंत उतरला होता. तिने नख लावलं तर रंगाचा पापुद्रा हातात आला. एजंट जराही अडखळले नाहीत.

"ही ओल नाही मॅडम, हा समुद्राचा गारवा आहे!"

"अपन्हुती!" आत्याने टाळीच दिली. "उपमेय सरळ नाकारलं!"

शाळेत न समजलेला धडा मला त्या भिंतीपाशी समजला. उपमा नुसतं 'सारखं' म्हणते. उत्प्रेक्षा 'जणू तेच' म्हणते. रूपक 'तेच आहे' असं ठणकावतं, आणि अपन्हुती तर डोळ्यांदेखत असलेली वस्तूच नाही म्हणते. या सगळ्या निर्ढावत जायच्या पायऱ्या आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार होते; अप्पय्य दीक्षितांपर्यंत ते शंभरावर गेले. मधल्या काळात जागांचे भाव वाढले असावेत.

डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. तावदानं थरथरली.

"आपलं जुहू विमानतळ!" एजंट अभिमानाने म्हणाले. "१९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले."

यात कुठला अलंकार, म्हणून मी आत्याकडे पाहिलं. "हा इतिहास," ती म्हणाली. "याचे पैसे वेगळे पडतील."

दुसरी जागा बघायला निघालो. रविवार होता, त्यामुळे 'जलसा' बंगल्यासमोर अमिताभसाठी ही गर्दी! पलीकडच्या गल्लीतून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ येताना दिसले. "तेच की दुसरं कोणी?" अशी कुजबुज झाली. हा ससंदेह. मग कोणीतरी किंचाळलं आणि अख्खी गर्दी मोबाईल उंचावून तिकडे धावली. हा भ्रांतिमान. गृहस्थांच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या. त्यांनी त्या एका हातात घेतल्या आणि दुसरा हात झकास हलवला.

"जुहूसारखं जुहूच!" एजंट म्हणाले. अनन्वयही पदरात पडला.

आता भाडं विचारणं भाग होतं. एजंटांनी 'जणू' नाही, 'सारखं' नाही, नुसता आकडा सांगितला. आत्याला ती अतिशयोक्ती वाटली.

ती स्वभावोक्ती होती.