कोटाराव

लिफ्टमध्ये शिरल्यावर लोक आरशात केस बघतात, नाहीतर मोबाईल काढतात. आमचे कोटाराव पाटी वाचतात. ‘८ व्यक्ती, ५४४ किलो.’ मग आतल्या मंडळींवर एक नजर फिरवून पुटपुटतात, “म्हणजे माणशी ६८ किलो. ६८ किलोचा माणूस आता राहिलाय कुठे? जुना अंदाज आहे हा.” आणि सातवा माणूस आत यायच्या आधी स्वतः बाहेर पडून जिना धरतात.

कोटाराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. भोसरीतल्या आमच्या कारखान्यात ते मेल सर्व्हर सांभाळतात. कुणाच्या मेलबॉक्सला किती जागा, म्हणजे ‘कोटा’, द्यायची, पुढच्या तीन वर्षांत माणसं किती वाढतील, डिस्क कधी भरेल, हे सगळं त्यांच्या एका एक्सेल शीटमध्ये असतं. त्या शीटमध्ये आपण सगळे आहोत, पण एमबीमध्ये. “मी कुणाची मेल वाचत नाही हो, नुसती मोजतो,” असं ते सांगतात, आणि ते खरंही आहे. पण मोजून मोजून त्यांना माणसं इतकी कळली आहेत, की वाचून कळली नसती.

त्यांच्या मते ऑफिसात तीनच कुळं. साठवे, पुढेढकले आणि सर्वांनाकळवे. साठवे रुजू झाल्या दिवसापासूनचं एकही पत्र पुसत नाहीत. ‘कधी लागेल सांगता येतं का?’ हे त्यांचं कुलदैवत. सेल्सचे एक साहेब या कुळातले मूळपुरुष. जुन्या आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाईल २ जीबीच्या पुढे गेली की बिघडते, हे कोटारावांनी त्यांना तीनदा सांगितलं होतं. बिघडल्यावर साहेब म्हणाले, “तुम्ही लेखी कळवायला हवं होतं.” कोटाराव म्हणाले, “मेल केली होती. त्याच फाईलमध्ये आहे.”

पुढेढकले, म्हणजे आलेली मेल नुसती पुढे पाठवणारे, निरुपद्रवी. खरा धोका सर्वांनाकळवेंचा. नवी भरती झाली की कोटाराव पोरांना मुद्दाम बसवून १९९७ सालची गोष्ट सांगतात. प्रत्यक्ष मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलम डीएल३’ नावाची एक यादी होती, सुमारे १३ हजार नावांची. एकाने विचारलं, माझं नाव यात का? काढा बघू. लगेच दुसरा म्हणाला, माझंही काढा. तिसरा म्हणाला, अरे सगळ्यांना उत्तर देऊ नका, आणि हे त्याने सगळ्यांनाच पाठवलं. बघता बघता दीड कोटी मेल झाल्या, आणि ज्यांनी मेल सर्व्हर बनवला त्यांचाच मेल सर्व्हर आडवा झाला. गोष्ट संपली की कोटाराव सगळ्यांकडे रोखून बघतात. पोरं हसतात. त्यातलाच एक आठवड्याभरात ‘थँक यू’ असा रिप्लाय-ऑल करतो.

दिवाळी जवळ आली की त्यांचं जेवण कमी होतं. धनत्रयोदशीला एचआरकडून हलता आकाशकंदील निघतो. “चार एमबीचा कंदील, दीड हजार माणसं. सहा जीबी! एका कंदिलाचे!” यावर एचआरच्या बाई म्हणतात, “काका, वर्षातून एकदाच तर पाठवतो.” काका गप्प बसतात, कारण त्यांचं खरं दुःख बाईंना समजणारं नाही. पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये एका डेटाबेसमधल्या शंभर जणांना एकच पत्र गेलं, तर आत एकच प्रत राहायची. २०१० च्या आवृत्तीत ती सोय काढली. डिस्क स्वस्त झाल्या होत्या, तेव्हा जागा थोडी जास्त गेली तरी चालेल, पण डिस्कची धावपळ कमी व्हावी, असा तो हिशेब. कोटारावांना तो पटतो. तरीही त्या जुन्या सोयीचा विषय निघाला की ते ‘आमच्या वेळी’ असं सुरू करतात.

दुसरं दुःख गूगलचं. १ एप्रिल २००४ ला जीमेल जाहीर झालं, माणशी १ जीबी. हॉटमेल तेव्हा २ एमबी देत होतं. तारीख बघून जगाला वाटलं, थट्टा आहे. “थट्टा माझी झाली,” कोटाराव म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न : ते फुकटात १ जीबी देतात, आणि तुम्ही ५० एमबी?

पण खरा रंग चढतो बजेटच्या महिन्यात. कोटाराव अकाउंट्सच्या साहेबांसमोर शीट उघडतात. साहेब शीटकडे न बघता विचारतात, “डिस्क बाजारात केवढ्याला पडते? माझ्या भाच्याने परवाच घेतली.” मग कोटाराव पेन खाली ठेवतात. “साहेब, प्रश्न जागेचा नाही, हाताचा आहे. रेशनचं गोदाम केवढंही असू दे, खिडकी एकच असेल तर रांग लागणारच. भाच्याची फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक कामं करते. सोमवारी साडेनऊला दीड हजार माणसं एकदम मेल उघडतात. ॲव्हरेजवर जाऊ नका, सोमवार धरा.” साहेब सोमवार धरत नाहीत. ते निम्मं कापतात. म्हणून कोटाराव दुप्पट मागतात, हे साहेबांना ठाऊक आहे. साहेबांना ठाऊक आहे, हे कोटारावांना ठाऊक आहे. एका वर्षी त्यांनी अगदी खरा आकडा मागितला. साहेबांनी तोही निम्मा केला.

कोटारावांकडे खरं तर जागा नेहमीच असते. सर्व्हरवर त्यांनी २० जीबीची एक पोकळ फाईल ठेवली आहे. नाव ‘पुसू नये’. आत काही नाही. एकदा टेंडरच्या आदल्या रात्री बॅकअप अडकला. बॅकअप नीट झाला की जुन्या लॉग फायली पुसल्या जातात, अडकला की त्या साचत जातात, आणि डिस्क काठोकाठ भरली की डेटाबेसच बंद पडतो. पहाटे कोटारावांनी ती फाईल पुसली, बॅकअप नव्याने लावला, आणि सव्वानऊला चहा घेत बसले. टेंडर वेळेत गेलं. त्याच महिन्यात साहेब म्हणाले, “मेल तर व्यवस्थित चालू आहे. मग नवा सर्व्हर कशाला?”

घरीही हेच. भाचीच्या लग्नात जेवणाचा अंदाज त्यांच्याकडे होता. केटरर म्हणाला, चारशे पानं. यांचा प्रश्न : एका वेळी किती? मुहूर्त १२ वाजून २२ मिनिटांचा, म्हणजे अक्षता पडल्यावर पाऊण तासात तीनशे माणसं बसणार. त्यांनी वाढपी वाढवले, पानं नाही. जिलबी शेवटपर्यंत पुरली, कुणी ताटकळलं नाही. निघताना मावशी म्हणाल्या, “जेवण काय, ठीकच होतं.” कोटारावांना तेवढं पुष्कळ झालं.

अलीकडे आमची निम्मी मेल क्लाउडवर गेली. तिथे माणशी ५० जीबी. लोक खूश आहेत, साठवे तर विशेष. कोटाराव आता लायसन्स मोजतात. नोकरी सोडून गेलेल्या सतरा जणांचं भाडं आपण अजून भरतोय, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात शोधून काढलं.

तुमच्याकडे अजून स्वतःचा सर्व्हर असेल, आणि ‘आपली मेलबॉक्स भरत आली आहे’ अशी सूचना आली असेल, तर चिडू नका. ‘डिलीटेड आयटम्स’ रिकामं करा, आणि ते आजच करा. पुसलेली मेल सर्व्हर सहसा आणखी १४ दिवस जपून ठेवतो, डिस्कवरची जागा त्यानंतरच सुटते.