स्क्रिप्टबहाद्दर

हिंजवडीत असो, खराडीत असो की न्यू जर्सीत, जिथं म्हणून दहाबारा सॉफ्टवेअरवाले एका छताखाली बसतात तिथं एक स्क्रिप्टबहाद्दर असतोच. व्हिजिटिंग कार्डावरून तो ओळखू येत नाही, तोंडच्या वाक्यावरून येतो. कुणी बापडा लॉगच्या भल्यामोठ्या फायलीत डोळे घालून एकेक एरर हुडकत असतो आणि मागून आवाज येतो, "अरे, हातानं काय करतोयस? थांब, माझ्याकडे स्क्रिप्ट आहे." ती असतेच. 'फायनल_नवीन_२' अशा नावानं ती न मागता येऊन पडते आणि सोबत दोन सूचना येतात: आतला पाथ बदलून घे, आणि विंडोजवर चालवू नकोस. विंडोज मुळात वापरतोसच कशाला, ही तिसरी सूचना तो तोंडानं देत नाही. चेहऱ्यावर ती स्वच्छ वाचता येते.

हा माणूस सगळ्यांचा वेळ वाचवतो, अशी त्याची ख्याती. ही ख्याती जरा तपासून घ्यायला हवी. महिन्यातून एकदा येणारं पाच मिनिटांचं काम असतं. ते आपोआप व्हावं म्हणून तो शुक्रवारची दुपार घालवतो, मग हट्टानं शनिवारही घालवतो. पर्ल भाषेचा कर्ता लॅरी वॉल यानं प्रोग्रामरचे तीन सद्गुण सांगितले आहेत: आळस, अधीरता आणि अहंकार. आमच्या बहाद्दरानं यातला पहिला गुण इतक्या कष्टानं जोपासलेला असतो की त्यापेक्षा सरळ काम करणं स्वस्त पडलं असतं. म्हणजे वेळेच्या खात्यात फारशी शिल्लक नाही. मग तो वाटतो तरी काय? माझं म्हणणं असं, की तो मतं वाटतो. फायली कुठल्या फोल्डरमध्ये असाव्यात, ब्रँचचं नाव कसं असावं, एरर आली तर थांबावं की दामटून पुढे जावं, हे सगळं त्या चाळीसपन्नास ओळींत त्यानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. हीच मतं मीटिंगमध्ये मांडली असती तर तासभर हमरीतुमरी झाली असती. स्क्रिप्ट म्हणून पाठवली की लोक उलट 'थँक्स' म्हणतात.

हा आरोप हवेतला नाही. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यानं 'मेक' नावाचं साधन लिहिलं. त्याच्या फायलीत आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हायला हवी. स्पेस दिल्या तर डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही आणि 'मेक' मात्र अडून बसतं. ही चूक आहे हे कर्त्याला लवकरच कळलं होतं. पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, ते साधन वापरू लागले होते, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यानं टॅब तसाच ठेवला. डझनभर मित्रांची भीड, आणि पन्नास वर्षं होत आली तरी जग तो टॅब दाबतंय! पायथनचे शैलीनियम उलट चार स्पेस मागतात. गो भाषेनं तर 'गोफम्ट' हे साधनच भाषेबरोबर दिलं, ते कोड आपल्या हातानं टॅब घालून नीटनेटका करतं. त्याची शैली सगळ्यांना आवडते असं नाही, पण टॅब की स्पेस हे भांडण मिटलं ना, म्हणून लोक खूश. मत साधनाच्या पोटात शिरलं की त्याला विरोध करायला कुणाला सवड नसते.

खुद्द बहाद्दर मात्र आपल्याच मतांचा बंदिवान असतो. प्रत्येक लांब आज्ञेला त्यानं दोन अक्षरांचं टोपणनाव दिलेलं असतं, कॅप्स लॉकचं कंट्रोल केलेलं असतं, आणि व्हिम एडिटरच्या सेटिंगची फाइल तो एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत वंशपरंपरागत दागिन्यासारखी नेत असतो. अशाला दुसऱ्याच्या मशिनवर बसवा. पहिल्या दोन मिनिटांत स्क्रीनवर पाचसहा वेळा 'कमांड नॉट फाउंड' उमटतं आणि तो मशिनच्या मालकाकडे दयेनं पाहतो.

यावर शिस्तप्रिय मंडळी म्हणतील, मग असल्या स्क्रिप्टांवर बंदीच घाला. धोका खराच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या गेमांच्या ॲपच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमधली एक चूक उघड झाली. स्टीमचं फोल्डर जागेवरून हलवलं की आपलं घर कुठे आहे ते तिला सापडत नसे, त्या घराचा पत्ता रिकामा राही, आणि मग 'माझ्या घरातलं सगळं पुसून टाक' या आज्ञेचा अर्थ 'संगणकावर हाताला लागेल ते पुसून टाक' असा होई. त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्यानं टीप ठेवली होती: 'स्केअरी!' म्हणजे भीती वाटली होती, ती नोंदवलीही होती, आणि तरी ओळ तशीच बाहेर पडली. पण बंदीवाल्यांनी हेही पाहावं, की ती टीप कुणालाही उघडून वाचता येत होती. बंदी घातली तर मागे काय उरतं? स्क्रीनशॉट चिकटवलेलं वर्ड डॉक्युमेंट, ज्यातली सातवी पायरी मागच्या दिवाळीपासून चुकीची आहे, आणि ती कशी टाळायची हे फक्त एका कुलकर्णी मॅडमना ठाऊक आहे. स्क्रिप्टमधलं मत हेकट असेल, पण ते कुणाच्या डोक्यात बसून रजेवर जात नाही. स्क्रिप्ट चुकली तर रोज एकाच जागी चुकते, म्हणून दुरुस्त करता येते. तेव्हा मतं लादतो म्हणून बहाद्दराला नावं ठेवावीत, स्क्रिप्ट मात्र ठेवून घ्यावी. वाचून मगच चालवावी, एवढंच. आणि हे एवढंच कुणी करत नाही.

तुमच्या टीममधला बहाद्दर नोटीस पीरियडवर असेल तर केक कापायच्या आधी त्याला क्रॉनटॅब उघडायला लावा आणि त्याच्या नावावर रोज रात्री काय काय चालतं त्याची यादी मागून घ्या. त्याचं खातं बंद झालं की ते सगळं बंद पडतं, आणि सकाळी फोन तुम्हाला येतो.