आवतन कोणाला दिलं होतं?

पहूर म्हणायला गाव एक. ग्रामपंचायती दोन, पेठ आणि कसबे. पेठेतल्या लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला कसब्यातून किती ताटं वाढतील, हे यजमानाला कधीच ठाऊक नसतं. आवतन एकाला जातं. तो येताना साडूला आणतो, साडू मित्राला.

लिनक्स सर्व्हरवर वेगळं काही चालत नाही. एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकाकडे एक पॅकेज मागितलं की ते गरजेची लायब्ररी आणतं, ती लायब्ररी आणखी एक. शिवाय डेबियन-उबंटूवर मूळ सेटिंगच असं, की ज्यांची नुसती शिफारस आहे तेही पानावर बसतात. वर्षभरानं यादी काढावी, तर शेकडो नावं. यातली आपण बोलावलेली कोणती?

यंत्राला ते माहीत असतं. सोबत आलेल्यांवर एपीटी 'ऑटो' अशी खूण ठेवतं. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' म्हटलं की उरलेले समोर येतात. पण उबंटूवर ही यादी बघून हसू येतं. सर्व्हर कालच उभा केलेला, आपण काहीही टाकलेलं नाही, तरी आवतनवाल्यांची रांग हजर! बोलावलं इन्स्टॉलरनं, नाव आपलं. त्यापेक्षा जेंटू आणि अल्पाइनवाले सरळ. त्यांच्याकडे 'वर्ल्ड' नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, तीत मुद्दाम मागितलेल्यांचीच नावं. मला तीच रीत सभ्य वाटते.

सोबत आलेल्यांना घालवणारं 'ऑटोरिमूव्ह' मात्र जपून. मुख्य पाहुणा निघाला की त्याच्यामागून आलेल्यांपैकी दुसऱ्या कोणा पाहुण्याला ज्यांची गरज नाही ते सगळे अनोळखी ठरतात, आणि त्यांना वाटेला लावल्यावर कळतं, की आपली वेबसाइट साडूचा तो मित्रच चालवत होता. अशाला आधी 'एपीटी-मार्क मॅन्युअल' म्हणून मानाचं आवतन द्यावं.

एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये तारीख असते, दिलेली कमांड असते, सुडो वापरलं असेल तर कोणी दिली तेही असतं. पण हा लॉग दर महिन्याला फिरतो आणि मूळ सेटिंगप्रमाणे बारा जुन्या फायलींपलीकडचं पुसलं जातं. आणि पॅकेज कशासाठी टाकलं, ते तर त्यात सहसा नसतं. लग्नघरी आहेराची वही जपतात तशी वही इथे कोणी ठेवत नाही.

तेव्हा सर्व्हरवर एक साधी फाइल उघडा: नाव, तारीख, कारण. नोकरी सोडताना पुढच्या माणसाला पासवर्डांसोबत तीही द्या.