उणे एक पूर्णांक आठ

सोसायटीत फुकट हाडतपासणी शिबिर लागलं. फुकट म्हटल्यावर रांगेत पहिला मी. टाचेला जेल चोपडून पाय एका पेटीत ठेवायचा, की पेटी आकडा सांगते. माझा आला उणे १.८. गणितात मी शाळेत कधी शून्याच्या खाली गेलो नव्हतो, कारण तशी सोयच नव्हती.

"उणे एकच्या खाली हाडं विरळ, उणे अडीचला ऑस्टिओपोरोसिस. काका, चहा फार पिता का?" तिथल्या मुलीनं विचारलं.

झालं! जिना चढेपर्यंत दुधाचा चहा हद्दपार झाला. त्याच्या जागी ग्रीन टी आला. दुपारी ताक, तेही चवीला भरपूर मीठ घालून. संध्याकाळी चहाची तल्लफ मारायला थंडगार कोला. घरात मी हाडांवर व्याख्यानं देत हिंडू लागलो. सौ. शांतपणे आपला आल्याचा चहा पीत राहिल्या.

पुढे कंबर धरली म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी माझा पेयक्रम ऐकला आणि चष्मा काढून ठेवला. मग हिशेब सांगितला. कपभर चहा-कॉफीतल्या कॅफीनपायी दोन-तीन मिलिग्रॅम कॅल्शियम लघवीवाटे जातं. उलट आपल्या चहात पन्नास मिली दूध असेल, तर त्यातून साठेक मिलिग्रॅम येतं. त्यातला तिसरा हिस्सा अंगी लागला तरी व्यवहार फायद्याचा. मी नेमकं दूध काढलं आणि कॅफीन ठेवलं! ताकातल्या मिठाचं तर विचारूच नका. पंगतीतून उठणारा शेजाऱ्यालाही उठवतो, तसं सोडियम जाताना कॅल्शियमला सोबत नेतं.

उरला कोला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या २००६च्या अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याची हाडं विरळ दिसली, पुरुषांच्या बाबतीत तसं आढळलं नाही. हे मी घरी विजयानं वाचून दाखवलं. सौ. म्हणाल्या, "मग प्या की. पण कॅल्शियम कुठाय त्यात?"

दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं. नाचणीची आंबील, कमी मिठाचं ताक, सकाळचं ऊन आणि चालणं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. चालण्यावर त्यांनी दोनदा रेघ मारली. माझं पोट बघून मारली असावी.

तेव्हा मंडळी, टाचेच्या पेटीवर निदान ठरत नाही. आकडा उणे आला तर डॉक्टरांना विचारून कंबर-खुब्याचा डेक्सा स्कॅन करून घ्या. तोवर चहातल्या दुधाला हात लावू नका.