मींड आणि खटका

ग्वाल्हेरच्या गाडीवाल्यांत दोन पंथ आहेत. एक, कंपनीने दिली तशी गाडी जन्मभर चालवणारा आणि सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढणारा. दुसरा, गाडी दारात आल्याबरोबर तिच्यात काय काय कमी आहे याची यादी करायला बसणारा. या दुसऱ्या पंथाचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी चाकं, मग सायलेन्सर, मग इंजिनाच्या संगणकाचं रीमॅप; आणि वाढलेल्या ताकदीपुढे मूळचा क्लच घसरायला लागला की शेवटी 'परफॉर्मन्स क्लच'. चाकं शेजाऱ्यांना दिसतात, सायलेन्सर त्यांना (इच्छा नसतानाही) ऐकू येतो, रीमॅपचे आकडे पारावर सांगता येतात. क्लचचं तसं नाही. एवढा खर्च करून आणलेली वस्तू फक्त मालकाच्या डाव्या पायाला कळते. माझं म्हणणं असं की या क्लचने गाडीत जेवढा फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट मालकात पडतो. आणि स्वतःत असा फरक पाडून घ्यायला ग्वाल्हेरइतकं गैरसोयीचं गाव शोधूनही सापडणार नाही.

लोक समजतात क्लचचं काम पकडणं. खरं तर त्याचं अर्धं आयुष्य घसरण्यात जातं, आणि त्याची सगळी हुशारी त्या घसरण्यात आहे. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत उभं, चाकं शून्यावर. या दोघांची गाठ एकदम घातली तर एक तर गाडी उडी मारते, नाहीतर इंजिन बंद पडतं. म्हणून फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मधली क्लच प्लेट आधी नुसती टेकते, मग थोडी घासते, मग घट्ट होते. कंपनीच्या प्लेटमध्ये यासाठी किती सोय करून ठेवलेली असते! दोन्ही बाजूंच्या अस्तरांच्या मध्ये पोलादाची पातळ, लाटेसारखी पानं असतात, ती दाबली जाता जाता पकड हळूहळू वाढते. मधल्या भागाभोवती छोट्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात, त्या इंजिनाचे हिसके स्वतः पिऊन टाकतात. सिथौलीला रेल्वेचा स्प्रिंग कारखाना असलेल्या शहराला स्प्रिंगेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आणि शून्यापासून वेगापर्यंत मधला एकही बिंदू न वगळता जाणं याला आपल्या गावात फार जुना शब्द आहे: मींड. ज्या गावी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ख्याल शिकायला आले आणि इथली गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले, त्या गावात हे समजावून सांगणं म्हणजे आगाऊपणाच. आता जहाल क्लच घ्या. अख्ख्या गोल अस्तराच्या जागी सिरॅमिक-धातूच्या मिश्रणाचे चार-सहा चौकोनी तुकडे. लाटेरी पानं नाहीत, जहालातल्या जहाल नमुन्यात मधल्या स्प्रिंगाही नाहीत. हा टेकत नाही, घासत नाही, चावतो. मींड गेली, खटका उरला.

आता थोडं गणित. अकराशे किलोची गाडी उभ्यापासून ताशी दहा किलोमीटरला आणली की तिच्यात सुमारे सव्वाचार हजार ज्यूल गतिज ऊर्जा येते, आणि साधारण तेवढीच ऊर्जा त्या वेळी क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणजे 100 मिलिलिटर पाणी 10 अंशांनी तापेल इतकी. उन्हाळ्यात ग्वाल्हेरचं नळाचं पाणी मुळातच कोमट. सहा-सात वेळा गाडी थांबवून निघालं की एका कपाचं आधण. दौलतगंजातून सराफ्याकडे आणि तिथून पाटणकर बाजारात संध्याकाळी गाडी नेणारा माणूस या हिशेबाने अख्ख्या लग्नघराला पुरेल एवढा चहा क्लचवर उकळत असतो. यावर पहिला आक्षेप लगेच येतो: म्हणूनच तर सिरॅमिक घ्यायचा, त्याला उष्णता सोसते. सोसते, हे कबूल. साधं अस्तर ज्या तापमानाला जळका वास सोडून सपाट होतं, तिथे सिरॅमिक ढिम्म असतो. पण त्याला सोसते म्हणून ती नाहीशी होत नाही. ती फ्लायव्हीलच्या अंगावर जाते आणि तिथे चरे पडतात. शिवाय हळू सोडलं तर गाडी गारठलेल्या माणसासारखी थडथडते, म्हणून मालक इंजिन तापवून, म्हणजे 'रेस' देऊन, झटक्यात सोडायला शिकतो. मग पुढच्या ई-रिक्षातल्या आजीबाई दचकून मागे पाहतात. त्यांना वाटतं हा मुलगा घाईत आहे. बिचारा घाईत नसतो, त्याला दुसरा वेगच उपलब्ध नसतो.

शहरात वेगवान यंत्रं नाहीत असं नाही. महाराजपूरच्या हवाई तळावर मिराज 2000 आहेत. पण त्यांच्यापुढे धावपट्टी मोकळी ठेवतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्लच किती जोर पेलणार हे स्प्रिंगेचा दाब, अस्तराचं घर्षण, त्याची त्रिज्या आणि घासणारे पृष्ठभाग किती यावर ठरतं. 1.3 लिटरच्या डिझेल स्विफ्टला कंपनीने 190 न्यूटन मीटर जोर दिला होता. रीमॅप करून तो बराच वाढवला, तर आग्रा रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजिनाचे फेरे वर जातात आणि गाडी मात्र आहे तिथेच राहते. क्लच घसरला. आता याला मींड म्हणायचं का? नाही, हे बेसूर आहे, आणि इथे मजबूत क्लच लागतो हे मी मान्य करतो. पण किती मजबूत? कंपन्या मुळातच इंजिनाच्या जोरापेक्षा सव्वा ते दीडपट पेलेल असा क्लच बसवतात. ती शिल्लक संपली असेल तर त्याच जातीचं अस्तर आणि थोडी कडक प्रेशर प्लेट एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण दुकानात 'स्टेज वन, टू, थ्री' अशा पायऱ्या मांडलेल्या असतात. या पायऱ्यांचं सर्वमान्य प्रमाण काही नाही, प्रत्येक बनवणाऱ्याचा जिना वेगळा. तरी एक नंबरावर समाधान मानणारा माणूस या पंथात जन्मलेला नाही. मुलीच्या लग्नाला दोनशे माणसं येणार असताना पाचशेंचा स्वयंपाक सांगणारे आपणच.

आणि न घसरणाऱ्या क्लचचा एक छुपा हिशेब असतो. साधा क्लच भलताच हिसका बसला तर घसरून मार स्वतःवर घेतो. विजेच्या फ्यूजसारखा स्वतः जळतो आणि घर वाचवतो. हा घसरायला तयारच नसेल तर हिसका पुढे जातो, गिअरबॉक्सच्या दात्यांवर, अॅक्सलवर, जिथे कच्चं असेल तिथे. ग्वाल्हेरच्या दरबारातली हस्सूखाँची आख्यायिका इथे जाणत्यांना आठवेल. बडे महंमदखाँबरोबरच्या चढाओढीत त्यांनी 'कडक बिजली' तान पुन्हा घेतली आणि बरगडी मोडली, असं सांगतात. तान कुठेही घसरली नव्हती. गळा शाबूत होता, बरगडी गेली.

किल्ल्याचा उरवाई चढ हे या क्लचचं परीक्षा केंद्र. अरुंद, उभा रस्ता. वरून गाडी आली की मध्येच थांबायचं. हौशी माणसाने क्लचबरोबर हलकं फ्लायव्हीलही बसवलेलं असतं (दुकानदार जोडी मोडू देत नाही), त्यामुळे इंजिनात साठवणीचा जोर उरलेला नसतो आणि जरा कमी रेस पडली की ते बंद. बाजूच्या कड्यात तोमर राजांच्या काळी कोरलेले तीर्थंकर शतकानुशतकं कायोत्सर्गात निश्चल उभे आहेत. रस्त्यावर मालकाचा डावा पाय जड पेडलवर लटपटतो आहे. खाली जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावरची चांदीची आगगाडी सुरया घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की निघायची. तिला असला क्लच असता तर शिंदे सरकारचे पाहुणे ब्रँडी प्यायले नसते, तिच्यात न्हाले असते.

तिसरा आक्षेप: सवय होते. होते ना! सवय कशाची होत नाही? पण बारकाईने बघा, सवय झालेला माणूस सिग्नलच्या शंभर पावलं आधी वेग सोडतो, म्हणजे थांबावंच लागू नये. तो चढावरचा पार्किंग टाळतो, गर्दीची वेळ टाळतो, बायकोला बाजारापर्यंत सोडायचं टाळतो आणि 'चालणं आरोग्याला चांगलं' असं सांगतो. त्याची गाडी दुसरं कोणी नेत नाही. मेव्हण्याने एकदा मागितली, गल्लीच्या तोंडाशी तीनदा बंद पाडली, किल्ली परत दिली. हा मात्र फायदा आहे, तो मी नाकारणार नाही. ताकद वाढवायला निघालेला हा माणूस रस्त्यावरचा सगळ्यात सावध, सगळ्यात समंजस चालक होऊन बसतो. मोकळ्या महामार्गावर, जिथे त्या ताकदीला वाव असतो, तिथे पाचव्या गिअरमध्ये क्लचला पाय लागतच नाही. आणि जिथे पाय सारखा क्लचवर, तिथे ताकदीचं लोणचंसुद्धा घालता येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019चा निकाल मूळ रचनेत बदल करणाऱ्यांना धाक घालतात खरे, पण आरसीवर रंग लिहितात, आसनं लिहितात, इंजिन नंबर लिहितात. क्लचसाठी रकाना नाही. 1905 पासून भरणाऱ्या आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात गाडीवरचा रस्ता-कर निम्मा होण्याची सवलत अनेकदा मिळत आली आहे. ती मिळावी म्हणून महिनोन् महिने थांबणारा काटकसरी गृहस्थ वाचलेले पैसे ज्या वस्तूत घालतो, ती वस्तू त्याला पुढच्या मेळ्याच्या गर्दीत गाडी नेऊ देत नाही.

शेवटचा पुरावा मालकांच्याच घरी आहे. शहराच्या लष्कर भागातल्या कुठल्याही मराठी घराचा माळा बघा. गणपतीच्या मखराच्या मागे, वर्तमानपत्रात बांधून, वर तारीख घालून ठेवलेली एक गोल, जड वस्तू सापडेल. कंपनीचा जुना क्लच. गाडी विकायच्या आदल्या आठवड्यात तो खाली उतरतो, कारण गिऱ्हाईक चालवून बघितल्याशिवाय घेत नाही.