नळाच्या दिवशी विचारा

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, करंजी आणि भोवती अठरा धान्यांचं रिंगण. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे जाऊन पाहायचं: कुठलं ढेकूळ भिजलं, कुठलं धान्य रिंगणाबाहेर गेलं, विडा जागेवर आहे का. विडा म्हणजे राजा, करंजी म्हणजे तिजोरी. एवढ्यावर पाऊस, पीक आणि देशाचा कारभार असा तिहेरी निकाल लागतो. विज्ञानवादी मंडळी दरवर्षी चिडतात. पण या पद्धतीचा एक मोठेपणा त्यांनीही मान्य करावा. तिच्यात माणसाला काही विचारावंच लागत नाही.

दिल्लीनेही श्रीगणेशा असाच केला होता. कोणत्या शहरात जगणं किती सोपं, याचा निर्देशांक केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने ऑगस्ट 2018 मध्ये जाहीर केला. शहरं 111, निकष 78. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. ज्यांचं जगणं मोजलं, त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. आपण देशात सर्वांत सुखाने जगतो हे पुणेकरांना वर्तमानपत्रातून कळलं, आणि ती बातमी बऱ्याच जणांनी वाहतूककोंडीत उभ्या उभ्या वाचली असणार.

पुढच्या खेपेला चूक दुरुस्त झाली. लोकांच्या मताला 30 टक्के वजन मिळालं. 16 जानेवारी ते 20 मार्च 2020 या काळात 32.2 लाख लोकांनी आपलं जगणं कसं चाललंय ते सांगितलं. पाहणी शुक्रवारी संपली, रविवारी जनता कर्फ्यू लागला आणि त्या आठवड्यात अख्खा देश कडी लावून घरात बसला. निकाल आला 4 मार्च 2021 रोजी. बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं; निव्वळ लोकांच्या मतात भुवनेश्वर अव्वल. यादीतली अमरावती त्या सुमारास पुन्हा टाळेबंदीत होती.

या याद्यांत भेंडवळच्या बुलढाणा जिल्ह्यातलं एकही शहर नव्हतं. इथे नगर परिषदा अकरा, मोताळा आणि संग्रामपूर या नगर पंचायती दोन, महानगरपालिका मात्र एकही नाही. सर्वांत मोठं खामगाव, 2011 च्या मोजणीत सुमारे 94 हजारांचं. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे कागदावरच्या खामगावात वर्षानुवर्षं एकही पाळणा हलला नाही. त्या मोजणीच्या साली जन्मलेलं पोर आज मिसरूड कोरतंय, पण आकड्यात त्याला अजून दात यायचेत.

लहान गावांच्या वाट्याला येतं ते स्वच्छ सर्वेक्षण. 2016 मध्ये 73 शहरांपासून निघालेली ही वरात पुढे देशातल्या झाडून साऱ्या नगरपालिकांपर्यंत पोहोचली. 2019 च्या फेरीत लोकांना विचारलेला एक प्रश्न असा होता: तुमचं शहर स्वच्छ सर्वेक्षणात भाग घेत आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? म्हणजे बोहल्यावरच्या नवरदेवाला विचारायचं, आज कुणाचं लग्न आहे ते ठाऊक आहे ना? बरं, माहीत आहे म्हटलं तरी त्याने गटार काही वाहती होत नाही.

खरा घोळ समाधानाच्या प्रश्नाने होतो. या जिल्ह्याचे आधीच दोन भाग: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या रांगेवर बसलेलं बुलढाणा मे महिन्यातही रात्री अंगावर पांघरूण ओढतं. त्याच रात्री मलकापूर, नांदुरा गच्चीवर पाणी मारून झोपेची आराधना करतं. बुलढाण्याला येळगाव धरणाचं पाणी. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा, तिथे बोअर मारली की मीठ विकत आणायला नको. प्रश्नपत्रिका मात्र दोघांना एकच: पाणीपुरवठ्याबाबत आपण समाधानी आहात का?

यावर उत्तर वारावर अवलंबून असतं. उन्हाळ्यात नळ रोज येत नाही, हे इथे कुणी तक्रार म्हणून सांगत नाही. पंचांग सांगावं तसं सांगतात. नळाच्या दिवशी घर पूर्ण समाधानी असतं. दुसऱ्या दिवशी बरंचसं. मग पिंप तळाला जाईल तसं मत खाली उतरतं. नमुना कसा निवडायचा यावर संख्याशास्त्रात ग्रंथ आहेत. पण नमुना घेण्याआधी नळ सोडणाऱ्या माणसाला फोन करावा, हे कुठल्या ग्रंथात असेल असं वाटत नाही.

जागतिक आनंद अहवालवाले तर शिडी डोळ्यांपुढे आणायला सांगतात. शून्य ते दहा पायऱ्या, तुम्ही कितवीवर? 2025 च्या अहवालात फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आणि भारत 118 वा होता. खामगावात शिडी म्हटली की टाकीत डोकवायची. पाणी दिसलं तर माणूस दहावर, नाही दिसलं तर तो मुकाट खाली उतरतो.

समजा, उद्या एखादा पाहणीवाला पोरगा टॅब घेऊन घाटाखालच्या एखाद्या गल्लीत शिरलाच, तर काय होईल? ओट्यावरची आजी आधी त्याचं गाव विचारेल, मग आडनाव, मग लग्न झालं का. पाहणी तिचीच आधी पूर्ण होईल.

“आजी, पाण्याबद्दल समाधानी आहात का?”

“हाव ना बाप्पा. येते ना नळ.”

“किती दिवसांनी?”

“येते तवा येते. तुह्याकडे कवा येते?”

आता खरं बोलावं तर त्याच्याकडे पाच दिवस झाले आलेला नसतो. तो ‘पूर्ण समाधानी’वर बोट ठेवणार, तोच गल्लीच्या टोकाकडून आरोळी येते, मोटारी सुरू होतात, बादल्या वाजतात. आजी त्याच्या हातात पाइपाचं टोक देते. “धर बाबू, म्या आत पिंप लावतो. सोडू नको.” टॅब ओट्यावर, पाइप हातात. प्रश्न अजून सव्वीस उरलेत, आणि शेजारची बाई विचारते आहे, आमचा पाइप पण धरता का?