नवशिक्यांसाठी क्लस्टर-विधी (गोकुलम आवृत्ती)

म्हैसूरच्या गोकुलममध्ये भल्या पहाटे दोन प्रकारची माणसं उठतात. पहिली अष्टांगयोगवाली. पट्टाभी जोइस यांची शाळा २००२ मध्ये इथे आली, तेव्हापासून जगभरातून येतात आणि चटई काखोटीला मारून अंधारात चालू लागतात. दुसरी फोन किंचाळला म्हणून उठणारी, डोळे चोळत लॅपटॉप उघडणारी. प्रस्तुत पोथी दुसऱ्यांसाठी. पहिल्यांकडे गुरू असतो, आपल्याकडे कुबसीटीएल.

पूर्वपीठिका थोडक्यात. कुबरनेटिस गूगलने २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. तुमचं सॉफ्टवेअर कंटेनरात भरून अनेक यंत्रांवर चालवायचं, सांगाल तितक्या प्रती चालत्या ठेवायच्या, पडली एखादी तर दुसरी उभी करायची, हे त्याचं काम. यंत्रांचा ताफा म्हणजे क्लस्टर, एक यंत्र म्हणजे नोड, आणि कंटेनर ज्यात नांदतो तो पॉड. या सगळ्याशी काळ्या खिडकीतून बोलायचं ते कुबसीटीएलने. एवढं पाठ असेल तर मुलाखतीत निभावतं. नोकरीत निभावायला पुढे वाचा.

विधीचा आरंभ देशकालोच्चाराने करावा. पूजेत संकल्प सोडण्याआधी आपण कुठे बसलोय ते सांगावं लागतं. पुण्यातले गुरुजी गोदावरीच्या दक्षिण तीराचं नाव घेतात; इथे म्हैसुरात तेच म्हणालात तर पुण्य तिकडे जमा होणार, इथे कावेरी म्हणायला हवं. क्लस्टरचंही तसंच. ‘कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट’ ही आज्ञा तुम्ही सध्या कोणत्या क्लस्टरच्या तीरावर आहात ते सांगते. चाचणीच्या की गिऱ्हाइकांच्या? खिडकी दोन्हींची काळीच, अक्षरं तीच. त्यामुळे कोणत्याही आज्ञेआधी ही आज्ञा द्यावी. जेवून आल्यावर पुन्हा द्यावी. सहकाऱ्याने हाक मारली आणि तुम्ही मान वळवलीत, तरी पुन्हा द्यावी. मी हे गमतीने लिहीत नाहीये.

नंतर ‘ऑथ कॅन-आय डिलीट पॉड्स’ असं नम्रपणे विचारावं. म्हणजे, मला पॉड उडवायचा अधिकार आहे का? उत्तर एका शब्दात येतं. ‘यस’ आलं तर घाबरावं. शेजारच्या योगशाळेत एक आसन नीट बसल्याशिवाय पुढचं देत नाहीत. आमच्या धंद्यात रुजू झाल्याच्या आठवड्यात तिजोरीच्या किल्ल्या देऊन मोकळे होतात.

आता दर्शन. ‘गेट पॉड्स’ म्हटलं की यादी येते. यादी रिकामी आली तर सगळं नष्ट झालं म्हणून कुणाला फोन करू नका. तुम्ही ‘डीफॉल्ट’ नावाच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लस्टरच्या एका कप्प्यात, उभे आहात, तिथे बहुधा कुणीच राहत नाही. शेवटी ‘डॅश एन’ लावून योग्य नेमस्पेसचं नाव द्या.

यादीत ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ दिसलं तर समजा, कंटेनर उठतोय, पडतोय, पुन्हा उठतोय. कुबरनेटिस दर खेपेला वाट पाहण्याचा वेळ दुप्पट करतं: १० सेकंद, २०, ४०, अशी ५ मिनिटांपर्यंत मजल जाते. इथे नवशिका ‘लॉग्ज’ मागतो आणि त्याला दोन निरागस ओळी दिसतात, कारण ते लॉग नव्याने उठलेल्या कंटेनरचे असतात. मेलेल्याची जबानी हवी असेल तर ‘डॅश डॅश प्रीव्हियस’ जोडावं. मग ‘डिस्क्राइब पॉड’. भलामोठा मजकूर येईल. वरचा वाचत बसू नका, तळाशी ‘इव्हेंट्स’ असतात तिकडे उतरा. मधे कुठे १३७ हा आकडा आणि ‘ओओएमकिल्ड’ दिसलं, तर मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कंटेनर मारला गेलाय. मात्र हे इव्हेंट्स सहसा तासभरच टिकतात. फिल्टर कॉफी घेऊन, आंघोळ उरकून निवांत बघू म्हणाल, तर पहाटेचा पुरावा पुसलेला असेल.

संतापून पॉड डिलीट केलात? छान. वेगळं शेपूट लावून तोच परत येईल. ‘तीन प्रती हव्यात’ असा संकल्प डेप्लॉयमेंटमध्ये, म्हणजे काय आणि किती चालवायचं त्या नोंदीत, कुणीतरी सोडून ठेवलाय, आणि तो मोडेपर्यंत कुबरनेटिस प्रती पुरवत राहणार. प्रती नकोच असतील तर ‘स्केल’ करून संख्या शून्यावर आणा. ‘एक्झेक’ने कंटेनरच्या आत शिरून फाइल दुरुस्त करणाऱ्या हुशार मंडळींनाही हेच लागू. पुढच्या पॉडला तुमची दुरुस्ती ठाऊक नसते. बदल करायचा तो संकल्प जिथे लिहिलेला असतो त्या यामल फाइलीत करावा आणि ‘अप्लाय डॅश एफ’ म्हणावं. त्याआधी ‘डिफ’ म्हणून नेमकं काय बदलणार ते पाहून घ्यावं. अप्लाय अंगाशी आलं तर ‘रोलआउट अनडू’ आहे. डेप्लॉयमेंटच्या मागच्या १० आवृत्त्या कुबरनेटिस एरवी जपून ठेवतं. पण ‘डिलीट नेमस्पेस’ला अनडू नाही. ‘नक्की का?’ असंही ते आपणहून विचारत नाही. आतलं सगळं घेऊन जातं.

अष्टांगवाल्यांना पौर्णिमा-अमावास्येला सुट्टी असते. आपल्याला नाही, म्हणून उद्यापन नीट करावं. दुरुस्तीसाठी नोड ‘ड्रेन’ केला असेल तर त्यावरचे पॉड दुसरीकडे हलतात आणि नवे येणं बंद होतं. दुरुस्ती झाल्यावर ‘अनकॉर्डन’ म्हणेपर्यंत ते बंदच राहतं. तेव्हा लॅपटॉप मिटण्याआधी एकदा ‘गेट नोड्स’ बघा. नोडपुढे ‘शेड्युलिंगडिसेबल्ड’ दिसत असेल तर आत्ताच अनकॉर्डन करा, कारण रिकाम्या नोडचं भाडं क्लाउडवाला पूर्ण लावतो.